डाव्या कानाचा पडदा

धाकट्या मॅडमना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधायचं तर बँकेत जावं लागलं असतं. बाकी सगळीकडे त्या धाकट्या मॅडम. कान-नाक-घशाचा दवाखाना थोरल्या दिरांचा, म्हणून ते मोठे डॉक्टर. त्यांची बायको खालच्या औषधाच्या दुकानात बसायची, म्हणून ती मोठी मॅडम. धाकट्या मॅडमचा नवरा दवाखान्याचा व्यवस्थापक होता, म्हणजे दादा जे हळू बोलत ते तो इतरांना मोठ्याने सांगायचा. आणि धाकट्या मॅडम जिन्याखालच्या खोलीत बसून लोकांना किती ऐकू येतं ते मोजायच्या.

त्यांचंही शिक्षण झालं होतं, परीक्षा झाली होती, सरकारी परवाना भिंतीवर टांगलेला होता. पण एका घरात डॉक्टर एकच पुरे असतो. पाहुण्यांशी ओळख करून देताना सासूबाई म्हणत, "हा माझा थोरला, सर्जन. हा धाकटा, सगळं तोच बघतो. आणि ही सून, मशीन लावते." मशीन लावणारी सून यावर हसायची. लग्नानंतर सुरुवातीला खरंखुरं हसायची, पुढे सवयीने.

खोली मात्र त्यांची स्वतःची होती. त्या खोलीच्या आत आणखी एक खोली होती, बूथ. जाड दार, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, एका बाजूला काच. पेशंट आत बसायचा, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेरून मॅडम यंत्रावर बारीक-मोठे सूर सोडायच्या, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दार लावलं की आतलं बाहेर नाही आणि बाहेरचं आत नाही. एकत्र कुटुंबात अशी खोली मिळणं म्हणजे चैनच. वरच्या मजल्यावर सासूबाईंचं आणि मोठ्या जाऊबाईंचं वाजलं की धाकट्या मॅडमना हटकून बूथ पुसायची आठवण व्हायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सरकारने नियम काढला. परवान्याचं नूतनीकरण हवं असेल तर प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो, दातांचा असो, डोळ्यांचा असो, नर्स असो की मशीन लावणारी सून असो, मुलांवर होणारे अत्याचार ओळखून ते कळवण्याचं प्रशिक्षण घेतलंच पाहिजे. शहरातल्या वैद्यकवर्गात हाहाकार उडाला. मुलांवर अत्याचार होतात म्हणून नव्हे, रविवार जाणार म्हणून.

मोठे डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष. आधी त्यांनी निषेधाचा ठराव केला आणि लगेच प्रशिक्षणाची तयारी हाती घेतली, कारण ठरावाने परवाना मिळत नाही. हॉटेलचं सभागृह ठरलं. जेवणाचा भार कानाची यंत्रं विकणाऱ्या कंपनीने उचलला आणि बदल्यात व्यासपीठावर एका हसऱ्या आजोबांचा भलामोठा फलक लावला. मुलांवरच्या अत्याचारांशी त्या आजोबांचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. जेवण चांगलं होतं.

सकाळी सहीसाठी रांग लागली. सह्या झाल्या, आणि बरीचशी रांग तशीच मागच्या दाराने बाहेर गेली. जे उरले ते जेवणासाठी उरले. डोळ्यांचे डॉक्टर कोपऱ्यात फोनवर कुठल्याशा जमिनीचा सौदा करत होते. फिजिओथेरपिस्ट मंडळी एकमेकांच्या माना बघत होती.

शिकवायला आलेल्या बाई मुलांच्या वॉर्डात उभा जन्म काढलेल्या निवृत्त नर्स होत्या. बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक. त्यात पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायचा रिमोट चालेना. धाकट्या मॅडमच्या नवऱ्याने तो हलवून पाहिला, तळहातावर आपटून पाहिला, त्याच्याकडे रागाने बघून पाहिलं. शेवटी त्याने बायकोलाच लॅपटॉपजवळ बसवलं. "त्या मान हलवतील तेव्हा बटण दाब." अशा रीतीने त्या अख्ख्या सभागृहात प्रशिक्षण लक्ष देऊन ऐकणं भाग असलेली एकच व्यक्ती निघाली, आणि तीही रिमोटच्या कृपेने.

"पडणारं मूल गुडघ्यावर पडतं," नर्सबाई सांगत होत्या. "कोपरावर पडतं, कपाळावर पडतं. मानेवर, कानामागे कोणी पडत नाही. तिथे वळ दिसला तर थांबा आणि नीट बघा. सांगितलेली गोष्ट आणि झालेली जखम यांचा मेळ बसतोय का ते बघा." मान हलली. मॅडमनी बटण दाबलं.

मागून दातांचे डॉक्टर उभे राहिले. संघटनेत विनोदी म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती टिकवायची जबाबदारी त्यांच्यावरच होती. "मॅडम, एखादं मूल मलाच चावलं तर कुठे कळवायचं?"

सभागृह खळखळून हसलं. सकाळपासून सगळ्यांनी मिळून केलेलं असं पहिलंच काम. नर्सबाई हसणं संपेपर्यंत थांबल्या.

"ते का चावलं, ते आधी बघा," त्या म्हणाल्या. "कोणी तोंडाजवळ हात नेला की काही मुलं का घाबरतात, तेच सांगायला मी आले आहे."

दातांचे डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी पाणी मागवलं.

"पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही," नर्सबाई पुढे म्हणाल्या. "वाजवी शंका आली की कळवायचं, आणि लगेच कळवायचं. चौकशी करणारे वेगळे असतात. मुलाची उलटतपासणी घ्यायची नाही, त्याला खोटं वचन द्यायचं नाही. आणि कळवायचं ते ज्याला शंका आली त्याने. वरिष्ठांच्या कानावर घातलं म्हणजे आपण सुटलो, असं होत नाही."

'वरिष्ठ' हा शब्द ऐकून पहिल्या रांगेतल्या मोठ्या डॉक्टरांनी मोबाइलमधून मान वर केली, आपल्याला काही मान वगैरे देतायत का ते पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

शेवटी परीक्षा झाली. संघटनेचे चिटणीस प्रश्न वाचत आणि, वेळ वाचावा म्हणून, उत्तरही वाचत. सगळे पैकीच्या पैकी गुण मिळवून पास. जे आले नव्हते तेही पास. त्या संध्याकाळी ते शहर मुलांसाठी जगातलं सर्वांत सुरक्षित शहर झालं, तशी प्रमाणपत्रंच होती. मोठ्या डॉक्टरांनी आपलं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत घालून प्रतीक्षाकक्षात लावलं.

त्याच सुमारास दवाखान्यावर नवा मजला चढत होता. बांधकाम घेतलेल्या कंत्राटदाराला सगळे शेठ म्हणत. गोरापान, गुबगुबीत, कायम हसतमुख. आला की चौकीदारापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना काहीतरी गंमत सांगून जायचा. गवंड्यांवरसुद्धा तो हसतच ओरडायचा. "भिंत सरळ घे रे, नाहीतर कानाखाली असा जाळ काढीन की विटा भाजून निघतील!" गवंडी हसत, पेशंट हसत, मोठे डॉक्टरही हसत. आपल्याकडे कानाखाली जाळ काढतात, आवाज काढतात, दोन ठेवून देतात, आणि हे सगळं इतक्या जिव्हाळ्याने बोललं जातं की ऐकणाऱ्याला ती एखादी घरगुती कला वाटावी. धाकट्या मॅडमही हसल्या होत्या. कानाच्या दवाखान्यात कानाखालचा विनोद. चपखल होता.

शेठची मुलगी तिसरीत होती. काही महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. चेंडू लागला, असं शेठनेच सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, धाकट्या मॅडमनी ऐकण्याचा आलेख काढला, पडदा आपोआप भरून आला, सगळे विसरले. आता ती पुन्हा आली. तोच कान. या वेळी कापसाची काडी.

"कान कोरायची भारी हौस हिला," शेठ मुलीच्या डोक्यावर टपली मारत म्हणाला. टपली हलकी होती. मुलीने मात्र टपली येण्याआधीच डोळे मिटले होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "बाहेर बोला, यंत्रात आवाज येतो," मॅडम म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. शेठ बाहेर जाऊन कुणाला तरी सिमेंटवरून झापू लागला. मॅडमनी मुलीला बूथमध्ये बसवलं आणि हेडफोन चढवण्यासाठी तिचे केस मागे सारले. हे काम त्या दिवसभर करत. केस मागे, बाळी असेल तर बाजूला, हेडफोन चापून. त्यांचा हात तिथेच थांबला.

कानाच्या मागे, केसांच्या सुरुवातीला, एक डाग होता. मध्ये हिरवट पिवळा, कडेला अजून जांभळा.

"कसं लागलं गं?" त्यांनी विचारलं. आवाज शक्य तितका रोजच्यासारखा ठेवला.

"काडीने."

"बरं."

मुलीने काचेतून दाराकडे पाहिलं, बाप अजून बाहेरच आहे याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "काडी कुठल्या कानात गेली म्हणून सांगितलंय बाबांनी? म्हणजे मी तोच कान सांगते."

लोक खोटं बोलतात याची त्यांना सवय होती. ऐकू येत नसताना येतं म्हणणारे आजोबा, ऐकू येत असताना येत नाही म्हणणाऱ्या सासवा. पण खोटं नीट पाठ झालं नाही म्हणून काळजीत पडलेलं मूल त्यांनी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" मुलगी म्हणाली.

'नाही हं बाळा' हे शब्द अगदी ओठांवर आले. किती सोपे शब्द! मॅडमनी ते गिळले. "तसं मला कबूल करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुला काही सांगायचं असेल तर मी ऐकतेय."

मुलीने बटण घट्ट धरलं आणि समोर बघत बसली. तपासणी झाली. आलेखात डावा कान उजव्यापेक्षा बराच खाली होता. शेठ आत आला, हसला, मुलीला घेऊन गेला.

यानंतर धाकट्या मॅडमनी तेच केलं जे सगळी शहाणी माणसं करतात. आपल्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला त्या वर गेल्या.

मोठे डॉक्टर हात धूत होते. "दादा, त्या मुलीच्या कानामागे वळ आहे. मला वाटतं तिला कोणीतरी मारलंय. बहुतेक घरातच."

"काडीनेही पडदा फाटतो."

"फाटतो. पण काडी कानामागे लागत नाही."

मोठ्या डॉक्टरांनी हात पुसले, एकेक बोट, सावकाश. "तुला माहिती आहे ना वर मजला कोण बांधतंय?"

"त्याचा आणि कानाचा काय संबंध?"

"काहीच नाही. तेच म्हणतोय मी. मग तू कशाला लावतेस संबंध?" ते म्हणाले. "पुरावा आहे का?"

"पुरावा शोधणं आपलं काम नाही. शंका पुरते. प्रशिक्षणात सांगितलं होतं."

"कुठल्या प्रशिक्षणात?"

"तुम्ही अध्यक्ष होतात त्या."

मोठे डॉक्टर हसले. थोरले दीर धाकट्या भावजयीकडे बघून हसतात तसे, म्हणजे मशीनकडे बघून. "ठीक आहे. मी बघतो."

'मी बघतो' या दोन शब्दांवर ते घर चाललं होतं. गळणारा नळ, नोकराचा पगार, नवऱ्याला दवाखान्यात भागीदार करून घेण्याचा विषय, सगळं दादा बघत होते. बघता बघता कित्येक नळ आपोआप गंजून बंद झाले होते.

धाकट्या मॅडम खाली आल्या. पेशंट बसले होते, त्यांनी एका आजींच्या कानाचा साचा घेतला, तो गुलाबी गोळा घट्ट व्हायची वाट बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण दादांची वाट बघत नाही आहोत, आपण दादांनी विसरण्याची वाट बघतो आहोत. मग आपल्यालाही विसरता येईल. साचा काढला. आजींना म्हणाल्या, "आता जेवून या."

दुपारची सुट्टी झाल्यावर त्या बूथमध्ये शिरल्या, दार लावलं आणि मुलांच्या हेल्पलाइनला लावायला मोबाइल काढला. शहरात गुपित बोलायला याहून चांगली जागा नव्हती. पण पत्र्यांनी मढलेल्या त्या खोलीत आवाज बाहेर जात नसे तशी रेंजही आत येत नसे. सगळ्या घरात सासूबाई, जाऊबाई, कंपाउंडर, पेशंट. रेंज आणि एकांत एकाच ठिकाणी मिळेल अशी जागा एकच होती, गच्चीवरचा अर्धवट मजला. तेव्हा धाकट्या मॅडम शेठच्याच सिमेंटच्या गोण्यांमध्ये, शेठच्याच सळयांच्या सावलीत उभ्या राहून शेठबद्दल फोन करू लागल्या. जेवून आडवे झालेले दोन गवंडी कोपऱ्यात घोरत होते.

आधी बराच वेळ संगीत वाजलं. मग एक बाई बोलू लागली.

"आपण कोण?"

"मी ऐकण्याची तपासणी करते."

"कशाची?"

"ऐकण्याची!"

एक गवंडी कुशीवर वळला. मॅडमनी आवाज उतरवला. मुलीचं नाव, वय, पत्ता सांगितला. कानाचं सांगितलं, वळाचं सांगितलं, मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत सांगितलं.

"मारताना तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत का?"

"नाही."

"मग?"

"शंका आहे," मॅडम म्हणाल्या. "वाजवी." हा शब्द त्यांनी आयुष्यात आजवर फक्त भाजीच्या भावाबद्दल वापरला होता.

पलीकडची बाई लिहून घेत होती. "तुमचं नाव गुप्त राहील," ती म्हणाली.

मॅडमना हसू आलं. शहरात कानाचे आलेख काढणारी बाई एकच होती. नाव गुप्त राहिलं काय आणि चौकातल्या फलकावर लावलं काय.

खाली आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो औषधांची खोकी मोजत होता, तो खोक्यावरच बसला.

"मला आधी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "दादांना सांगितलं असतं."

"म्हणूनच."

तो उठला आणि खोक्यांकडे वळला. मग म्हणाला, "मी पुन्हा मोजतो. चुकलं."

दुसऱ्याच दिवशी शेठच्या घरी एक बाई आणि एक गृहस्थ ओळखपत्रं घेऊन गेले, मुलीशी वेगळं बोलले, शाळेत जाऊन आले. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ दवाखान्यात आला. प्रतीक्षाकक्ष भरलेला होता. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते आता बंद दुकानाच्या पाटीसारखं नुसतं लावलेलं होतं.

"धाकट्या मॅडम! माझ्या घरी चहाला माणसं पाठवलीत?"

"मला त्याबद्दल काही बोलता येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"माझी पोर आहे. मी मारीन, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचेन. तुमचं काय जातंय?" शेठचा आवाज चढला. "आणि तुमच्याशिवाय तिच्या कानामागे बघायला जातं कोण?"

कानामागचा विषय त्या खोलीत कोणीही काढला नव्हता. प्रतीक्षाकक्षात ऐकू न येणारेच लोक बसलेले. पण एवढं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं. एका म्हातारीने तर शेजारणीला मोठ्याने विचारलं, "कानामागे काय म्हणतोय तो?" शेठने इकडेतिकडे पाहिलं. वर, बरोबर त्याच्या डोक्यामागे, मोठ्या डॉक्टरांचं सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र चमकत होतं. तो निघून गेला, आणि जाताना गवंड्यांनाही घेऊन गेला.

रात्री जेवणाच्या टेबलावर खटला उभा राहिला. न्यायाधीश, वकील आणि फिर्यादी या तिन्ही जागा मोठ्या डॉक्टरांनीच सांभाळल्या.

"एका फोनने मजला गेला," ते म्हणाले. "आता वर नुसत्या सळया. पाऊस आला की पाणी थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत. मी बघतो म्हटलं होतं ना?"

"मुलं मार खाऊनच मोठी होतात," सासूबाई म्हणाल्या. "या दोघांना मी कमी मारलं? कानाखाली एक बसली की अक्कल येते."

दोघांना किती आली ते धाकट्या मॅडमना समोर दिसतच होतं. मोठ्या जाऊबाईंनी आमटीचं भांडं जरा आपटूनच ठेवलं. ते कोणावर आपटलं, हे मात्र कळलं नाही.

"हिने कुणाला विचारलं फोन करताना?" मोठ्या डॉक्टरांनी टेबलाला विचारलं.

"मला," नवरा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पोळीचा तुकडा मोडत, ताटातच बघत तो म्हणाला, "मीच म्हटलं, कर. तिला जायचंच नव्हतं वर. मी म्हटलं, जा, गच्चीवर रेंज आहे."

उभ्या आयुष्यात दादांसमोर तो खोटं बोलला नव्हता, म्हणून त्याला ते जमतही नव्हतं. कान लालबुंद झाले होते. धाकट्या मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि हा माणूस आज पहिल्यांदा दिसत होता. मोठे डॉक्टर काहीतरी बोलणार होते, पण सवयीने धाकट्याकडे बघूनच थांबले. त्यांचं म्हणणं मोठ्याने सांगणारा माणूसच आज कामावर नव्हता.

पुढे गोष्टी जशा घडतात तशा घडल्या, म्हणजे हळूहळू आणि अर्ध्यामुर्ध्या. शाळेतल्या बाईंनाही शंका होती असं निघालं. त्यांनी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं, आणि मुख्याध्यापकांनी बघतो म्हटलं होतं. मुलीच्या आईने आधी काडीचीच गोष्ट सांगितली, चेंडूचीही सांगितली. मग एक दिवस तिने चौकशीच्या बाईंना घरात बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. शेठला घरापासून लांब राहायचा आदेश झाला आणि राग आवरायला शिकवणाऱ्या वर्गाला पाठवलं गेलं. तिथेही तो सगळ्यांना हसवायचा म्हणे. आई मुलीला घेऊन आपल्या बहिणीकडे राहायला गेली.

शेठच्या माणसांनी शहरभर सांगितलं की त्या दवाखान्यात जाऊ नका, तिथे घरं मोडतात. काही दिवस पेशंट रोडावले. पण कान दुखायला लागला की माणसाला तत्त्वं सुचत नाहीत. हळूहळू सगळे परत आले. काही जण तर मॅडम केस मागे सारू लागल्या की त्यांच्याकडे जरा घाबरून बघत. एका आजोबांनी आपण होऊनच सांगितलं, "हा डाग जन्मापासूनचा आहे हं."

वर सळया गंजत राहिल्या. दुसरा कंत्राटदार मिळायला वेळ लागला.

मग परवाने देणाऱ्या कार्यालयातून पत्र आलं. आपल्या केंद्राने दाखवलेल्या दक्षतेबद्दल अभिनंदन, वगैरे. पत्र केंद्रप्रमुखांच्या नावे होतं. मोठ्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या दृष्टीला एकदम फरक पडला. पुढच्या प्रशिक्षणात, त्याच हॉटेलात, प्रमुख भाषण त्यांचंच झालं. "आमच्या केंद्रात आम्ही हा वळ पाहिला, आम्ही क्षणाचाही विलंब केला नाही," असं त्यांनी सांगितलं. मराठीत 'आम्ही' हा शब्द किती ऐसपैस आहे! त्यात एका माणसाला हातपाय पसरून झोपता येतं. दातांच्या डॉक्टरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने घरी येऊन हे सगळं नकला करून दाखवलं, तेव्हा धाकट्या मॅडम पोट धरून हसल्या. खरंखुरं हसल्या.

पण मनातून त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. फोन केला हे बरोबर होतं, याबद्दल शंका नव्हती, वाजवी किंवा गैरवाजवी. तरी त्यांना रोज वाटायचं, ते पोरगं म्हणालं होतं सांगू नका. पुढे काय झालं? घर सुटलं, शाळा बदलली, मैत्रिणी गेल्या. प्रमाणपत्रावर याची नोंद करायला जागा नसते.

एके दिवशी सकाळी दारात मावशी उभी होती आणि तिच्या मागे ती मुलगी. आई कामाला लागली होती, म्हणून मावशी घेऊन आली होती. मुलगी उंच झाली होती, पुढचा एक दात पडला होता. मॅडमनी कानात पाहिलं. पडदा भरला होता, पांढुरका ओरखडा तेवढा राहिला होता. आलेखात वरच्या बारीक सुरांना डावा कान जरा कमी पडत होता. तो तसाच राहणार होता.

हेडफोन काढल्यावर मुलीने मॅडमकडे सरळ पाहिलं.

"तुम्ही सांगितलंत ना? मी म्हटलं होतं सांगू नका."

मावशी गडबडली. "अगं, असं बोलतात का मोठ्यांशी?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं."

"मग मी तुमच्याशी बोलणारच नाही."

"बरं."

"कधीच नाही."

"चालेल," मॅडम म्हणाल्या आणि यंत्राची वायर गुंडाळू लागल्या. त्यांना खरोखरच चालणार होतं. कोणी तरी त्यांच्यावर उघड उघड रागावलं होतं, आणि रागावलं म्हणून त्याला काही होणार नव्हतं.

मुलगी खुर्चीवरून उतरली नाही. पाय हलवत बसली.

"मावशीकडे मांजर आहे," तिने काचेला सांगितलं. "तिला पिल्लं झाली. एक तर आंधळंच आहे, पण सगळ्यात जास्त दूध तेच पितं. आणि मला पोहायला जायचंय, पण मावशी म्हणते कानाचं आधी विचारू. मी तुमच्याशी बोलत नाहीये, तुम्ही मावशीला सांगा."

"मावशी," धाकट्या मॅडम म्हणाल्या, "आणखी एक महिना थांबा, मग खुशाल जाऊ द्या. कानात पाणी जाऊ नये म्हणून बोळा करून देते मी, तिच्या मापाचा."

"कुठल्या रंगाचा?" मुलीने विचारलं.